ड्रॅगन बोट: लय ढोलाची की पहिल्या बाकाची?

खडीसाखर

नमस्कार मंडळी. इथे ड्रॅगन बोट वल्हवणारं कुणी आहे का? असाल तर कृपया हात वर करा, आम्ही अडकलोय.

आमचा संघ नवा आहे, मिश्र गटातला. मोठी बोट, म्हणजे वल्हवणारे २०, पुढे ड्रमर आणि मागे सुकाणूवर एक, असे एकूण २२. ५०० मीटरच्या शर्यतीची तयारी चाललीय. सुरुवात झकास होते. मात्र ३०० मीटरच्या आसपास काहीतरी बिनसतं. बोट जड झाल्यासारखी वाटते, पॅडलवर पॅडल आपटायला लागतात, आणि पुढचे पाच बाक एका बोटीत तर मागचे पाच दुसऱ्याच बोटीत असल्यासारखं होतं.

सराव संपला की काठावर भांडण ठरलेलं. मागचे म्हणतात ढोल ऐकू येत नाही. पुढचे म्हणतात तुम्ही मागून घाई करता. मधले धिप्पाड लोक म्हणतात बोट आम्हीच ओढतोय, बाकीचे नुसते पाणी ढवळतात. आणि सगळ्यांचा राग निघतो बिचाऱ्या ड्रमरवर.

तर प्रश्न दोन. लय सांभाळणं नेमकं कुणाचं काम? आणि कुणाला कुठे बसवायचं हे कसं ठरवतात? सध्या आमच्याकडे जो लवकर येईल तो हवी ती जागा पटकावतो. :)

उंटावरचा_शहाणा

सोपं आहे. ढोल मोठा आणा, नाहीतर ड्रमर बदला. ढोलाच्या तालावर चालायचं नसेल तर तो बोटीत ठेवलाय कशाला?

तिरकी_नजर

उंटावरून उतरा राव. :) ढोल ऐकून वल्हं मारायचं, या समजुतीपायी नवे संघ पहिलं वर्ष वाया घालवतात.

ड्रमर पहिल्या बाकावरच्या दोघांकडं तोंड करून बसतो आणि त्यांच्या पॅडलकडं बघून ठोका देतो. ते दोघं म्हणजे पेसर. लय त्यांची, ढोल ती मोठ्यानं सांगतो. आता हिशेब करा. मिनिटाला ७० स्ट्रोक धरले तर एक स्ट्रोक साधारण ०.८६ सेकंदाचा. आवाज ऐकून हात हलवायला माणसाला ०.१५ सेकंद तरी लागतात. म्हणजे ठोका पडल्यावर जो हलतो त्याचा सहावा हिस्सा स्ट्रोक तिथंच गेला. आणि हा उशीर प्रत्येकाचा वेगळा.

म्हणून टायमिंग डोळ्यांनी धरायचं. कसं? डावीकडं बसलेल्यानं उजव्या पेसरकडं बघायचं, उजवीकडच्यानं डाव्या पेसरकडं. बोटीच्या मधल्या मोकळ्या पट्टीतून, तिरकं. आपल्याच बाजूचा पेसर पुढच्या पाठींआड लपलेला असतो, तो दिसतच नाही. बहुतेक नवे लोक समोरच्याच्या पाठीकडं बघून मारतात. मग दुसरा बाक पहिल्यापेक्षा किंचित उशिरा, तिसरा दुसऱ्यापेक्षा किंचित उशिरा, आणि दहाव्या बाकापर्यंत अर्धा स्ट्रोक मागं. काठावरून बघा, पॅडलची लाट पुढून मागं सरकताना दिसेल. याला सुरवंट म्हणतात. तुमच्याकडं पॅडल आपटतात म्हणजे बहुधा हाच प्रकार आहे.

जागांबद्दल सवडीनं लिहितो.

खडीसाखर

बाप रे! आमच्याकडे सगळे समोरच्या पाठीकडेच बघतात. मीसुद्धा. जागांबद्दल लिहाच, वाट बघतेय.

वर्गमूळ

मधल्या धिप्पाड लोकांसाठी थोडं गणित टाकतो.

पाण्याचा विरोध साधारण वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते. म्हणजे सगळ्या २० जणांनी १० टक्के जास्त शक्ती लावली तर वेग वाढतो फक्त ३ टक्क्यांच्या आसपास. दोन मिनिटांच्या शर्यतीत साधारण चार सेकंद. (बोट स्वतः लाटा उठवते त्याचा विरोध धरला तर प्रत्यक्षात याहूनही कमी.) आणि १० टक्के शक्ती वाढवायला किती महिने घाम गाळावा लागतो ते तुम्हाला माहीत.

आता दुसरी बाजू. मोठी बोट सुमारे साडेबारा मीटर लांब, वजन २५० किलोच्या घरात. माणसं धरून सगळं मिळून पावणेदोन टनांच्या आसपास. २० पॅडल एकाच क्षणी पाण्यात गेली तर हे धूड उचल खातं आणि सगळी बाहेर असताना सरकत राहतं. दहा आधी आणि दहा नंतर गेली तर दुसऱ्या दहांना चालतं पाणी मिळतं, ज्याला धरायला काहीच नसतं. वर, कुणाचं पॅडल बाहेर यायला उशीर झाला की ते बाकीच्यांसाठी ब्रेक.

उंटावरचा_शहाणा

मग जिममध्ये जाणारे सगळे वेडे का? ताकदवान संघच जिंकताना दिसतात की.

वर्गमूळ

ताकदवान आणि एकत्र मारणारे जिंकतात. माझं म्हणणं एवढंच की टायमिंगमधले सेकंद दोन आठवड्यांत मिळतात, ताकदीतले दोन हंगामांत. आधी स्वस्त ते घ्या.

तिरकी_नजर

हं, आता जागा. बोट मध्ये रुंद आणि दोन्ही टोकांना अरुंद असते, त्यामुळं निम्मं उत्तर बोटच देते. रुंद खांद्यांची माणसं पहिल्या नि दहाव्या बाकावर मावतच नाहीत.

पहिला बाक: पेसर. लांब हात, सुटसुटीत कंबर, आणि मुख्य म्हणजे घाबरल्यावर वेग न वाढवणारा स्वभाव. शेजारची बोट पुढं गेली की आपोआप हात भराभर चालवणारा माणूस कितीही दमदार असो, तो पेसर नव्हे. दोन्ही पेसरच्या स्ट्रोकची लांबी सारखी हवी, नाहीतर डावी बाजू एक लय पकडते आणि उजवी दुसरी.

दुसरा आणि तिसरा बाक. यांच्याबद्दल कुणी बोलत नाही, पण माझ्या मते संघ इथं घडतो किंवा बिघडतो. मागच्या कितीतरी जणांना पेसर अर्धवटच दिसतो, त्यांच्या नजरेत येतो तो दुसरा बाक. दुसऱ्या बाकानं पेसरची हुबेहूब नक्कल करायची, स्वतःचं काहीही घालायचं नाही. आणि तिसऱ्यानं त्यांच्या पाठीला लय ‘जाणवून’ द्यायची. पेसरला मागचं दिसत नाही, पण मागून घाई आली तर ती त्याला बोटीतून कळते आणि नकळत तोही घाई करतो. ही गळती तिसऱ्या बाकावर अडवायची असते.

चार ते सात: इंजिन रूम. वजनदार, ताकदवान मंडळी. पॅडल खोल पुरायचं, पाय बोटीला रेटून पाठीनं ओढायचं. यांचा रोग एकच. ताकद असल्यामुळं यांचा ओढा लवकर संपतो, आणि मग पॅडल हवेत असताना थांबायचं सोडून हे पुढं धावतात. यांना शिकवायचं ते धीर धरायला.

आठ ते दहा: इथं कच्ची माणसं ढकलणारे संघ मी बरेच पाहिलेत. उलट हवं. पुढच्या चौदा-सोळा पॅडलनी ढवळलेलं, फेसाळ, आधीच मागं पळणारं पाणी या लोकांच्या वाट्याला येतं. त्यात पकड मिळवायची तर पॅडल झटकन आणि पूर्ण बुडवावं लागतं. शिवाय दहाव्या बाकावर सुकाणूवाल्याला मदत करायची असते, तिथं तोल असलेला जुना माणूस हवा.

आणि डावं-उजवं वजन तोलून घ्या. बोट एका बाजूला कलली की वरच्या बाजूच्यांची पॅडल पाण्यात पुरती जात नाहीत.

टिपरू

इतका वेळ गप्प वाचत होते, पण ड्रमर म्हणजे शोभेची बाहुली असा सूर लागतोय म्हणून लिहिते. मी ड्रमर आहे.

लय पेसरची, मान्य. पण २० चेहरे बघणारी बोटीत एकटी मीच असते. वल्हवणाऱ्यांना पुढच्याची मान दिसते, सुकाणूवाल्याला सगळ्यांच्या पाठी. कुणाचा जबडा आवळलाय, कुणाची नजर शेजारच्या लेनमध्ये गेलीय, सातव्या बाकावर कोण नुसतं पॅडल ओलं करतंय, हे मला दिसतं. शर्यतीत कुठला कॉल (ओरडून द्यायची सूचना) कधी द्यायचा ते यावरून ठरतं. ठरवलेल्या जागी ‘पॉवर’ द्यायचं असतं, पण बोट तेव्हा विस्कटलेली असेल तर मी आधी ‘लांब’ (म्हणजे स्ट्रोक लांब घ्या) म्हणते, बोट जुळली की मग ‘पॉवर’. विस्कटलेल्या बोटीला जोर लावायला सांगितलं तर ती आणखी विस्कटते.

ठोका पॅडल पाण्यात शिरतं त्या क्षणी पडला पाहिजे. त्यासाठी पेसरचा वरचा हात खाली यायला लागला की टिपरू उचलायचं. पेसरबरोबर महिनोन्महिने बसलं तरच हे जमतं. म्हणून ‘ड्रमर बदला’ हा सल्ला मला हसू आणतो.

आणि कॉल मोजके ठेवा. आमचे सगळे मिळून पाच-सहा आहेत. शर्यतभर ओरडणारा ड्रमर शेवटच्या शंभर मीटरला काही म्हणाला तरी कुणाच्या कानात शिरत नाही.

खडीसाखर, एक विचारते. ३०० मीटरला तुमचा रेट, म्हणजे मिनिटाला किती स्ट्रोक, वाढतो की कमी होतो? मोजलाय?

खडीसाखर

नाही मोजला. माझ्या अंदाजाने कमी होत असावा, सगळे दमलेले असतात.

टिपरू

मोजा. पैज लावते, वाढत असणार.

नवखा_प्राणी

मध्येच विचारतोय, माफ करा. पन्नाशी उलटलीय, आयुष्यात कुठला खेळ खेळलो नाही. मला कुणी बोटीत घेईल का?

जुनी_वही

घेतील की. १९९६ मध्ये व्हँकुव्हरला डॉ. डॉन मॅकेन्झी यांनी स्तनाच्या कर्करोगातून बाहेर पडलेल्या २४ महिलांना घेऊन ड्रॅगन बोटीचा संघ उभा केला. शस्त्रक्रियेनंतर अशा रुग्णांनी हाताला जोराचं काम देऊ नये, हात सुजेल, असं तेव्हा सर्रास सांगत. त्या महिलांनी वल्हवून दाखवलं, आणि आज जगभर असे संघ आहेत. डॉक्टरांना विचारा, पोहता येत नसेल तर ते आधी सांगा, लाइफ जॅकेट घाला आणि बसा.

अवांतर: हा खेळ मूळ चीनमधला. चांद्र पंचांगाच्या पाचव्या महिन्यातल्या पाचव्या दिवशी बोटी निघतात. मिलुओ नदीत जीव दिलेल्या छू युआन या कवीला वाचवायला लोकांनी होड्या काढल्या आणि ढोल बडवले, अशी त्यामागची कथा. आजच्या स्वरूपातल्या आंतरराष्ट्रीय शर्यती १९७६ साली हाँगकाँगमध्ये सुरू झाल्या आणि जागतिक महासंघ १९९१ मध्ये स्थापन झाला.

धाग्याच्या विषयाला धरून एक उदाहरण. २०१८ च्या आशियाई स्पर्धांमध्ये पालेम्बांगला महिलांच्या ५०० मीटर शर्यतीत उत्तर आणि दक्षिण कोरियाच्या संयुक्त संघाने सुवर्ण जिंकलं. दोन देशांच्या वल्हेकरी, आणि एकत्र सराव अवघ्या काही आठवड्यांचा. (ती छोटी बोट होती, १० वल्हवणाऱ्यांची.) त्यांच्या बोटीत कोण कुठे बसायचं यावर किती खल झाला असेल, मला त्याचं कुतूहल आहे.

उंटावरचा_शहाणा

हे माहीत नव्हतं. बरं, अर्धा पाय उंटावरून खाली घेतो.

मागच्या_मागे

सगळे बोलले, सुकाणूवाल्याला कुणी विचारलंच नाही. सवय आहे आम्हाला.

सगळ्यात मागे, उभ्याने, हातात लांब सुकाणू. डावीकडे कड्यात अडकवलेलं असेल तर दांडा बाहेर ढकलला की नाक उजवीकडे वळतं, छातीकडे ओढला की डावीकडे. हे पाच मिनिटांत समजतं. न वळवायला शिकायला हंगाम जातो. सुकाणूची प्रत्येक मोठी हालचाल म्हणजे पाण्यात उभी केलेली फळी, बोट तेवढी अडते. नवा माणूस नाक हाताएवढं भरकटेपर्यंत थांबतो, मग जोरात दुरुस्त करतो, मग उलट्या दिशेने पुन्हा. ५०० मीटरचे ५२० होतात आणि शिव्या ड्रमरला.

गुडघे सैल ठेवा, नजर शेवटच्या रेषेपलीकडच्या एखाद्या खुणेवर. बोटीच्या नाकाकडे बघू नका.

सुरुवातीच्या रेषेवर आमचंच राज्य असतं. वारा आडवा असेल तर बोट लेनमध्ये सरळ उभी राहत नाही. मग पुढच्या एक-दोन बाकांना ‘डावीकडून ड्रॉ’ (पॅडलने बोट डावीकडे खेचा) सांगून नाक सरळ करायचं, थोडं मागे घ्यायचं, पुन्हा सरळ. त्या वेळी सगळ्या २० जणांनी स्वतःची अक्कल वापरली तर संपलंच. ज्याला सांगितलं त्यानेच मारायचं.

२००० मीटरला वळणं असतात, तिथे तर हे फारच. डावीकडे वळायचं तर डाव्या बाजूचे पुढचे दोघे बोट आपल्याकडे खेचतात, बाकीचे मारतच राहतात. आणि ते दोघे कोण हे आधी ठरलेलं असतं.

शर्यतीतले कॉल ड्रमरने द्यावेत, माझी हरकत नाही. पण सुरक्षेचा प्रश्न आला की शब्द सुकाणूवाल्याचा. ‘होल्ड द बोट’ म्हटलं की पॅडल आडवं करून पाण्यात रोवायचं. का, कशाला, नंतर विचारा.

टिपरू

सुरक्षेचं शंभर टक्के मान्य. पण शर्यतीत तुम्ही लोक मागून ‘चला चला’ करत राहता त्याचं काय? दोन तोंडं एकदम बोलली की मधले कुणाचंच ऐकत नाहीत.

मागच्या_मागे

ढोलाच्या आवाजात शेवटच्या तीन बाकांना तुमचं अक्षर ऐकू येत नाही हो. मी तुमचाच कॉल पुढे ढकलतो. स्वतःचं घालत नाही. बहुतेक वेळा.

बाकावरची

राखीव खेळाडूंबद्दल दोन ओळी. २२ जणांखेरीज चार राखीव असतात, आणि त्यांना ‘कुणी आलं नाही तर’ म्हणून ठेवणं हा उधळेपणा आहे. मी बराच काळ राखीव होते. डावी-उजवी दोन्ही बाजूंनी मारता येणारा राखीव सोन्याचा. आणि मिश्र गटात २० पैकी किमान ८ आणि कमाल १२ महिला हा नियम असेल तर राखीव मंडळीही तो हिशेब धरूनच निवडा. नाहीतर एक मुलगी आजारी पडते आणि हाताशी चारही मुलगे.

शिवाय शेजारचा माणूस. बोट उलटली तर सगळ्यात आधी आपल्या बाकावरच्या जोडीदाराला शोधायचं, दोघांनी बोटीला धरून राहायचं, आणि पुढून मागे आकडे म्हणत मोजणी करायची. ज्याच्याशी आठवडाभर अबोला आहे त्याच्या शेजारी बसवू नका कुणाला.

खडीसाखर

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन सराव झाले, वृत्तांत देते.

टिपरू, पैज तुम्ही जिंकलात. काठावरून बाजूने व्हिडिओ घेतला आणि रेट मोजला. सुरुवातीचे स्ट्रोक संपल्यावर आम्ही ६८ वर स्थिरावतो, आणि ३०० मीटरनंतर ७६ वर जातो. बोटीचा वेग मात्र उतरतो! म्हणजे हात भराभर चालतात पण लांबी अर्धी होते, सगळे सरळ बसून गुडघ्याजवळ पाणी खरवडतात. आणि वाढ सुरू कुठून होते? चौथ्या-पाचव्या बाकावरून. धिप्पाड मंडळी पुढे धावतात, तिसरा बाक त्यांना शरण जातो, मग पेसर. ढोल सगळ्यांच्या शेवटी, बिचारी ड्रमर जे दिसतं ते वाजवते.

व्हिडिओ दाखवल्यावर मधले पहिल्यांदाच गप्प झाले.

जागा बदलल्या. एक फारच दमदार मुलगी हट्टाने पहिल्या बाकावर बसायची, तिला पाचव्यावर नेलं. थोडे अश्रू, थोडा रुसवा, पण तिथे ती जबरदस्त मारतेय. कुणाला न खुपणारा, शांत, लांब हातांचा एक जण उजवा पेसर झाला.

आता सराव कुठले घेऊ?

तिरकी_नजर

आधी फक्त पहिला बाक मारेल. दहा स्ट्रोकनंतर दुसरा मिळेल, मग तिसरा, असं दहाव्यापर्यंत. कुठला बाक मिळाल्यावर बोट अडखळली ते सगळ्यांना अंगानं कळतं, कुणाला बोट दाखवावं लागत नाही. मग थांबण्याचा सराव: पॅडल बाहेर काढून पुढं नेलं की एक क्षण सगळ्यांनी हवेत थांबायचं, मग एकदम आत. इंजिन रूमचं औषध हेच.

आणि ढोल बंद ठेवून एक पूर्ण सराव.

टिपरू

ढोल बंद ठेवायला माझी ना आहे. शर्यतीत ढोल असणार, मग सराव त्याच्याशिवाय का? त्यापेक्षा सगळ्यांना डोळे मिटून वीस स्ट्रोक मारायला सांगा, ढोल चालू. बोटीची उचल अंगाला कळायला लागते.

तिरकी_नजर

डोळे मिटले की लोक पुन्हा कानावर जातात, तेच तर मोडायचंय.

टिपरू

लोक दमल्यावर मान खाली घालतात, तेव्हा डोळे असून नसल्यासारखेच. मग कानच उरतो. तुम्ही तुमच्या बोटीत बंद ठेवा, मी वाजवणार.

वर्गमूळ

दोन्ही करून वेळ मोजा की. :)

मागच्या_मागे

सुरुवातही बघा एकदा. रेट ६८ वर स्थिरावतो म्हणताय, पण त्याआधी काय करता? उभी बोट हलवायची असते तेव्हा पहिले पाच-सहा स्ट्रोक लांब, खोल आणि सावकाश हवेत. पहिल्याच स्ट्रोकपासून भराभर सुरू झालात तर दम तिथेच जातो, आणि त्याचं बिल ३०० मीटरला येतं.

खडीसाखर

हे अगदी आमचंच वर्णन आहे. उद्या बघते. शेवटचा प्रश्न: ऐन वेळी एखादा पेसर आजारी पडला तर कुणाला पुढे घ्यायचं? आमचे मधले आत्तापासूनच इच्छुक आहेत.

तिरकी_नजर

दुसऱ्या बाकावरून, त्याच बाजूचा. तो तीच लय बघत आलेला असतो. रिकाम्या जागी तिसऱ्याला सरकवा आणि राखीव माणूस मध्ये घाला. सरावात एकदा तसं बसून पूर्ण ५०० मारून ठेवा. आणि राहिलेल्या पेसरला आजच विचारा की शेजारी कोण चालेल.

उंटावरचा_शहाणा

मला छोट्या बोटीचंही विचारायचंय, १० जणांच्या. तिथे इंजिन रूम कुठून सुरू होते? वेगळा धागा काढू का?

खडीसाखर

काढा, पण आधी उंटावरून पूर्ण उतरा.